आप्पा, नायट्रोजनचे आणि प्रश्नाचेही आभार

आप्पा,

गावोगाव कृत्रिम रेतनाला नेता तो द्रव नायट्रोजनचा कंटेनर मोटारसायकलला बांधून तुम्ही विज्ञान दिनाला पारोळ्यात आमच्या शाळेत आलात. त्या सकाळी कितीतरी गोठेवाले ताटकळले असणार. त्यांची समजूत तुम्ही काढा, आभार मी मानतो.

मुलांना अतिशीत रेणू सांगायचे होते आणि हाताशी खडूशिवाय काही नव्हतं. तुम्ही झेंडूचं फूल बुडवून टेबलावर आपटलंत, ते खळ्ळकन फुटलं आणि उणे १९६ अंश म्हणजे काय ते वर्गाला कळलं. मग हिशेब मांडला. निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे ज्याखाली तापमान जाऊच शकत नाही त्या उणे २७३ अंशांपासून, मोजलं तर हा नायट्रोजन ७७ केल्विन. आपल्या मे महिन्यातला ४५ अंशांचा फुफाटा ३१८ केल्विन, म्हणजे त्याच्या चौपटीच्या आसपास, बस्स. अमेरिकेत बोल्डरच्या 'जिला' संस्थेत २००८ साली पोटॅशियम-रुबिडियमचे रेणू घडवले, ते सुमारे ३५० नॅनोकेल्विनला (नॅनोकेल्विन म्हणजे केल्विनचा एक अब्जांश). त्यांच्यापुढे तुमचा नायट्रोजन वीस कोटी पटींहून जास्त गरम! मुलं कंटेनरकडे बघून हसली, राग मानू नका.

खरे आभार तुमच्या प्रश्नाचे. "मंग ते ठेवतस कसामा?" हे एकाही मुलाला सुचलं नव्हतं. कशातच नाही, आप्पा. भांड्याची भिंत लागली की खेळ खलास. म्हणून निर्वात पोकळीत लेसरच्या प्रकाशानंच धरून ठेवतात. तिथून तास रंगला. रेणू गरगरतो, थरथरतो, त्याला लेसरनं थेट थंड करणं अवघड. म्हणून पोटॅशियम आणि रुबिडियम दोन्हींचे सुटे अणू आधी एकाच सापळ्यात थंड करायचे, चुंबकीय क्षेत्र अचूक जुळवून त्यांच्या सैल जोड्या लावायच्या आणि दोन लेसरांनी त्या जोड्या सर्वांत खालच्या ऊर्जेला उतरवायच्या. जास्तीची ऊर्जा प्रकाशच घेऊन जातो, रेणू तापत नाही. मला यातली हीच युक्ती सर्वांत आवडते.

इतक्या थंडीतही हे रेणू स्वस्थ बसत नाहीत. दोन भेटले की जोडीदार बदलतात: पोटॅशियम पोटॅशियमकडे, रुबिडियम रुबिडियमकडे. (इथे दहावीचा वर्ग आवरेना.) कोलंबिया विद्यापीठातल्या गटानं सोडियम-सीझियमचे रेणू एकमेकांवर आदळून नाहीसे होऊ नयेत म्हणून मायक्रोवेव्हनं लांब राखले आणि सुमारे ५ नॅनोकेल्विनला त्यांचं बोस-आइनस्टाइन संघनन घडवलं, म्हणजे बरेचसे रेणू एकाच सर्वांत खालच्या अवस्थेत येऊन एकजीव वागू लागले. शोधनिबंध छापून आला २०२४ मध्ये. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या कामाला तेव्हा शंभर वर्षं होत होती.

पुढच्या वेळी नायट्रोजन भरायचे पैसे शाळा देईल. मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलंय, नाही म्हणू नका.

तुमचा,
विज्ञानाचा मास्तर