ग्रॉसमन यांची कादंबरी म्हणजे वार्तापत्र नव्हे
महोदय,
युद्धवार्ताहराची कादंबरी म्हणजे त्याच्या बातमीपत्रांचीच वाढीव आवृत्ती, असा एक समज रूढ आहे. सोव्हिएत युद्धवार्ताहर आणि कादंबरीकार वासिली ग्रॉसमन यांच्याबाबत तो अजिबात टिकत नाही. ‘क्रास्नाया झ्वेझ्दा’ या सोव्हिएत लष्करी दैनिकासाठी त्यांनी स्टालिनग्राडची लढाई प्रत्यक्ष रणभूमीवरून टिपली, नाझींच्या ट्रेब्लिंका मृत्युछावणीतील संहाराविषयी १९४४ मध्ये लिहिले. परंतु हिटलर आणि स्टालिन यांच्या राजवटींतील साम्य दैनिकात मांडणे शक्यच नव्हते, ते ‘लाइफ अँड फेट’ या कादंबरीत आले. साहजिकच १९६१ मध्ये केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेने हस्तलिखितासह कार्बन कागद आणि टंकयंत्राच्या फितीही उचलून नेल्या. (लेखकाला मात्र अटक केली नाही!) ग्रॉसमन १९६४ मध्ये वारले आणि कादंबरी १९८० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली.
तीत नाझींनी ज्यूंसाठी केलेल्या बंदिस्त वस्तीत (घेट्टोत) कोंडलेल्या ज्यू डॉक्टर आईने मुलाला लिहिलेले अखेरचे पत्र आहे. ग्रॉसमन यांची आई १९४१ मध्ये युक्रेनमधील बर्डिचेव्ह येथे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडात मारली गेली आणि तिचे असे कोणतेही पत्र त्यांच्या हाती आले नव्हते. जे मिळाले नाही ते लिहिण्याची मुभा वार्ताहराला नसते, कादंबरीकाराला असते.
— एक वाचक