काका, पाचर अजून जागेवर आहे

काका,

हे सगळं खरं तर समोर बसून सांगायला हवं पण तुमच्यासमोर विषय काढला की तुम्ही "चहा टाकतो" म्हणून आत निघून जाता, म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहितोय, रागावू नका.

बाईकवरून पडलो तेव्हा डाव्या हाताची अनामिका गेली. म्हणजे बोट आहे पण पूर्ण वाकत नाही, आणि डॉक्टर म्हणाले यापेक्षा जास्त सुधारणा होणार नाही. ज्या ऑर्केस्ट्रात मी गणपती-नवरात्रात लीड वाजवायचो तिथून दोन महिन्यांनी निरोप आला की दुसरा मुलगा घेतलाय. मी गिटार कव्हरमध्ये घालून कपाटावर टाकली. घरचे त्या कपाटाकडे बघायचं टाळायचे. तुम्ही एकटे जिना चढून वर आलात, त्या गुडघ्यांनी, आणि दारातच विचारलंत, "वरून आवाज बंद का झाला रे?"

आणि मग ती कॅसेट. तुम्ही बोटीवर इंजिन रूममध्ये होतात तेव्हा कुठल्याशा बंदरात घेतलेली, अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट क्रे, अल्बम 'स्ट्राँग पर्स्वेडर', 1986. मी नावही ऐकलेलं नव्हतं. ब्लूज म्हणजे बारा बार, तालाची बारा आवर्तनं, आणि रडगाणं एवढीच माझी समजूत. तुम्ही म्हणालात नुसतं ऐक, गिटारला हात लावू नकोस, आणि आठवडाभर खरंच लावू दिला नाहीत.

पहिलंच गाणं 'स्मोकिंग गन', बायकोवरच्या संशयानं पोखरलेला माणूस, आणि गिटार किती कमी! गाताना तो गातो, गिटार मधल्या फटीत दोन-तीन सूर टाकते आणि गप्प. सोलो आला की प्रत्येक सूर टोचून जातो पण घाई म्हणून नाही. मी म्हटलं हा एवढंच का वाजवतो, तर तुम्ही टेप पुढच्या एका गाण्यावर नेलीत, मागे घेतलीत, परत लावलीत, आणि त्यातल्या ट्रम्पेट-सॅक्सोफोनकडे बोट दाखवलंत. ते मेम्फिस हॉर्न्स, वेन जॅक्सन आणि अँड्र्यू लव्ह, ज्यांनी ओटिस रेडिंग या अमेरिकन सोल गायकाच्या रेकॉर्डवर वाजवलंय तेच दोघे. "त्यांना जागा देतोय तो," तुम्ही म्हणालात, "गाणारा पण तोच आहे ना, त्याला माहितीय श्वास कुठे घ्यायचा." माझ्या बोटाबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत काका. पण मला जे कळायचं ते कळलं.

त्यातलं 'राइट नेक्स्ट डोअर' तुम्ही मला ओळीओळीने मराठीत सांगितलंत. पातळ भिंतीपलीकडे नवराबायको भांडतायत, हा अलीकडे सगळं ऐकतोय, आणि भांडणाचं कारण हा स्वतःच आहे. अल्बमचं नाव त्याच गाण्यातून आलंय. आपल्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या माणसाला ते गाणं वेगळं समजावून सांगायला लागत नाही, भिंतीपलीकडचा कुकर मोजता येतो आपल्याला. पण गाण्यात अपराधी माणूस स्वतःची बाजू न सावरता एवढा शांत उभा राहू शकतो हे मी तोवर ऐकलं नव्हतं. ओरडणं नाही, फक्त गळा थोडा वर जातो. तो सोल गाणाऱ्याचा गळा आहे, ब्लूजवाल्याच्या हातात गिटार आहे, आणि दोन्ही एकाच माणसाची!

मग पाचर. माझी गिटार म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टरची, स्ट्रॅटची, स्वस्तातली कॉपी, तिच्यावर एक तार बेंड केली, म्हणजे बोटाने ताणून सूर चढवला, की बाकीच्या उतरायच्या, मला वाटायचं माझंच बोट कमी पडतंय. तुम्ही गिटार उलटी करून मागचं प्लास्टिकचं झाकण काढलंत आणि त्या स्प्रिंगा दाखवल्यात, एक तार ताणली की ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेली पट्टी, पुढे झुकतो म्हणून बाकीच्या ढिल्या पडतात. क्रेच्या स्ट्रॅटला हा प्रकारच नाही, ब्रिज पक्का बसवलेला. तुम्ही जुन्या खिडकीच्या चौकटीतला सागवानाचा तुकडा घेतलात, पॉलिश पेपरवर घासत घासत, मधे मधे लावून बघत, ब्रिजखालचा धातूचा ठोकळा आणि गिटारचं लाकूड यांच्या मधे पाचरीसारखा असा बसवलात की हलेना. संध्याकाळ गेली त्यात. चष्मा कपाळावर, नाकाला सागाचा भुसा. मी पहिली नोट बेंड केली आणि खालच्या तारा जागच्या जागी होत्या. तुम्ही फक्त "हं" म्हणालात.

तीन बोटांवर बसवायला मला वर्ष लागलं. अनामिकेचं काम मधल्या बोटाकडे दिलं, जिथे पोचत नाही तिथे सरकून जातो, आणि जे सूर वाजवताच येत नाहीत ते सोडतो. मागच्या महिन्यात एका मित्राच्या घरी, बारा-पंधरा माणसं असतील, तिथे मी अपघातानंतर पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं, दोन गाणी, 'स्मोकिंग गन' आणि 'राइट नेक्स्ट डोअर'. कुणी बोटाबद्दल विचारलं नाही. तुम्हाला बोलवलं होतं पण गुडघ्यामुळे जमलं नाही, म्हणून हे सांगतोय, सोलोच्या आधी मी पूर्ण एक बार थांबलो होतो. तुम्ही असता तर हसला असतात.

थँक यू काका. कॅसेटबद्दल, पाचरीबद्दल, जिने चढून आल्याबद्दल.

रविवारी सकाळी गिटार घेऊन खाली येतो. दुसरी बाजू लावून ठेवा, शेवटचं 'न्यू ब्लड' अजून बसलेलं नाही.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा