करवीरच्या मोडी कागदांसाठी सामाईक डिजिटल दप्तर हवे

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानचे मोडी कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. करवीर नगर वाचन मंदिराचा संग्रह १८५० पासूनचा. शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय वेगळंच. रिक्षाने अर्ध्या दिवसात तिन्हीकडे जाऊन येता येतं, पण संगणकावर एका ठिकाणी शोधू म्हटलं तर सोय नाही.

कारण सरळ आहे. पुराभिलेख सांस्कृतिक कार्य खात्याकडे, विद्यापीठं आणि ग्रंथालय संचालनालय आपल्याकडे, मराठी भाषेचा विभाग तिसरा. सामाईक काम कुणाच्याच वाट्याला येत नाही.

याची किंमत विद्यार्थी मोजतात. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडला की कागदावर सन असतो ‘इसन्ने सबैन मया व अलफ’. हे अरबी अंकांच्या नावांनी लिहिलेलं जुन्या दप्तरांतलं शुहूर सन, ११७२. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून महिना पाहून त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, तेव्हा इसवी सन १७७१-७२ हाती लागतं. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नसतो. एकेका पानाला दिवस जातो. पीएचडी झाली की ते लिप्यंतर लॅपटॉपमध्ये पडून राहतं आणि पुढचा विद्यार्थी तोच कागद पहिल्यापासून लावत बसतो. माणसांची इतकी मेहनत वाया जाताना बघवत नाही, साहेब.

मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संकेतात, आली. संगणकाला मोडी वाचायला शिकवता येईल, पण त्यासाठी प्रतिमा आणि तिचं अचूक लिप्यंतर अशा हजारो ओळींच्या जोड्या लागतात. त्या जोड्या म्हणजे विद्यार्थ्यांनी आधीच केलेलं हेच काम. ते एकत्र ठेवलं पाहिजे: प्रत्येक कागदाला कायमचा क्रमांक, शेजारी लिप्यंतर, त्याखाली वाचणाऱ्याचं नाव, आणि गावं-माणसांची एक सामाईक यादी. युरोपातल्या देशांनी वर्गणी काढून ‘डारिया’ ही अशीच सामाईक व्यवस्था उभारली, २०१४ मध्ये तिला कायदेशीर रूपही दिलं.

एक कळकळीची विनंती. नुसतं स्कॅनिंगचं टेंडर काढू नका. ठेकेदार प्रतिमा देऊन जातो. त्या पुढे सांभाळायच्या कुणी? मोडी जाणणारी दोन-तीन माणसं आणि एक संगणक अभियंता कायम पदांवर हवेत. प्रतिमांची दुसरी प्रत कोल्हापूरबाहेर हवी. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर आम्ही पाहिला आहे.

सुरुवात शाहू महाराजांच्या कारकिर्दीपासून, १८९४ ते १९२२ च्या कागदांपासून करावी. २६ जुलै १९०२ चा राखीव जागांचा हुकूम सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची खात्याखात्यांत अंमलबजावणी कशी झाली, नेमणुका कुणाच्या झाल्या, हे राज्यातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला घरबसल्या तपासता आलं पाहिजे.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला तो ३ ऑक्टोबर २०२४ ला. त्या निमित्ताने तरी तिन्ही खात्यांच्या सचिवांची एक बैठक कोल्हापुरात लावावी आणि मोडी वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनाही तिथे बोलवावं.

आपला,
कोल्हापुरातील एक इतिहास संशोधक