आपल्या पॅसेंजर गाड्यांत चार सायकलींना जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी चावडी, काणकोणची. नोकरीमुळे 2022 पासून अडीच वर्षं नेदरलँड्समध्ये उट्रेख्ट शहरात होते, आता कायमची घरी परत आलेय, आणि आल्या दिवसापासून एक गोष्ट मनात घोळतेय ती आज लिहूनच टाकते. आपल्या गोव्यातल्या पॅसेंजर गाड्यांमध्ये सायकल घेऊन चढता आलं पाहिजे. गोणपाटात बांधून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, टाकायची नव्हे, तर माणसासोबत, डब्यात, रीतसर तिकीट काढून.

तिकडे हे मी दर दोन-तीन आठवड्यांनी करायचे. सायकलचं वेगळं तिकीट असायचं, तेव्हा साडेसात युरो, आणि ते दिवसभर चालायचं, देशात कुठेही. ट्रेनच्या ठराविक दारांवर सायकलचं चित्र असतं, त्या दाराने चढायचं, आत भिंतीला दुमडणाऱ्या सीट असतात त्या वर केल्या की तेवढी जागा मोकळी, तिथे सायकल टेकवून उभी करायची. डब्यात तीन-चारच मावतात. आधीच एखादी उभी असेल तर तिच्या मालकाला पहिला प्रश्न विचारायचा, तुम्ही कुठे उतरणार? जो आधी उतरणार त्याची सायकल बाहेरच्या बाजूला, जो शेवटपर्यंत जाणार त्याची आत भिंतीला. हँडल एकमेकांत अडकू नयेत म्हणून एक सायकल उलट्या तोंडाने लावायची, म्हणजे एकीचं पुढचं चाक दुसरीच्या मागच्या चाकाशेजारी येतं. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पहिल्यांदा मला एका आजींनी स्वतः माझी सायकल फिरवून दाखवलं आणि मग मीही पुढे कितीतरी जणांना दाखवलं. व्हीलचेअर किंवा बाळाची गाडी आली तर मात्र जागा त्यांची, सायकलवाल्याने मुकाट्याने उतरून पुढच्या गाडीची वाट बघायची.

आता कोणी म्हणेल तिकडे सगळं सपाट आहे, लोक कमी आहेत, इथे कुठे जमणार. तर गर्दी तिकडेही भरपूर असते, आणि म्हणूनच त्यांनी नियम केलाय तो मला सगळ्यात जास्त पटलेला नियम. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते साडेसहा सायकल न्यायची नाही. शनिवार-रविवारी दिवसभर चालते. घडी होणारी सायकल घडी करून कधीही न्या, तिला तिकीटही नाही. मी एकदा पावणेनऊला सायकल घेऊन चढले, पंधरा मिनिटांनी काय बिघडतंय असं वाटलं, तर तिकीट तपासनीस बाईंनी पुढच्या स्टेशनवर उतरवलं. रागावल्या नाहीत, पण ऐकलंही नाही. प्लॅटफॉर्मवर उभी राहिले तेव्हा समोरून ऑफिसला जाणाऱ्या लोकांनी खच्चून भरलेली गाडी गेली आणि मला कळलं की त्यांचं बरोबर होतं.

रोज ऑफिसला जाणाऱ्यांसाठी तिकडे दुसरी सोय आहे. सायकल स्टेशनवर ठेवायची आणि पलीकडे उतरल्यावर स्टेशनवरचीच भाड्याची निळी-पिवळी सायकल घ्यायची. उट्रेख्टच्या मुख्य स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली राहतील असं तीन मजली पार्किंग आहे, 2019 मध्ये पूर्ण उघडलं, पहिले चोवीस तास फुकट. इतकं काही मी गोव्यात मागत नाहीये.

मी काय मागतेय ते सांगण्याआधी या फेब्रुवारीतला एक प्रसंग सांगते. भाच्याला मी कबूल केलं होतं की दोघं सायकली घेऊन ट्रेनने करमळीला जाऊ, तिथून जुनं गोवें जवळच, मग फेरीबोटीने दिवाडी बेटावर आणि बेटाला पूर्ण चक्कर. पोरगा रात्रभर खूश, चेनला तेल घालून बसला होता. रविवारी सकाळी गाडी धरायला स्टेशनावर गेलो, माणसांची दोन तिकिटं काढली, सायकलींचं विचारलं तर खिडकीतला माणूस म्हणाला, "बाय, सायकल भितर व्हरूंक मेळना." त्याचा काही दोष नाही, चांगल्या शब्दांत बोलला बिचारा. लगेज म्हणून बुक करा, ब्रेकव्हॅनमध्ये जाईल, पण ते मोठ्या स्टेशनावर, आणि वेळेच्या बरंच आधी यायचं, पॅक करून आणायची. आता पॅसेंजर दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात ब्रेकव्हॅन उघडणार कोण, सायकल चढवणार कोण, आणि करमळीला उतरवून घेणार कोण? भाचा मला विचारतो, मावशी, मग तिकडे कसं चालतं गो? त्याला काय उत्तर देणार.

शेवटी पुढच्या रविवारी शेजाऱ्यांच्या पिकअपमध्ये सायकली घालून गेलो. जाऊन-येऊन जवळपास दीडशे किलोमीटर डिझेल जाळलं, कशासाठी, तर बेटावर पंधरा-वीस किलोमीटर सायकल चालवायला! आणि जुन्या गोव्याच्या धक्क्यावर पोचलो तर फेरीबोटीवरच्या माणसाने नुसता हात हलवून आत बोलावलं. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल होती मागे मोठी टोपली बांधलेली, दोन स्कूटर, एक गाडी, आणि त्यांच्यामध्ये आमच्या दोन सायकली. कोणी काही विचारलं नाही. म्हणजे पाण्यावर आपल्याला ही सवय पिढ्यान् पिढ्या आहे, माणूस आणि त्याची सायकल एकत्रच पलीकडे जातात, मग रुळावर चढल्यावर तीच सायकल अडचण का होते हे मला खरंच समजत नाही.

आणि कोकण रेल्वेला वाहनं वाहून नेण्याचं काही नवल नाही. रो-रो सेवेत भरलेले ट्रक वॅगनवर चढवून न्यायला त्यांनी 1999 मध्येच सुरुवात केली, ते काम देशात नावाजलं गेलं. 2025 च्या चतुर्थीला तर कोलाडहून वेर्ण्यापर्यंत लोकांच्या खाजगी कारसुद्धा रेल्वेने आणल्या. अख्खा ट्रक जातो, कार जाते, मग पंधरा किलोची सायकलही जाऊ शकते. बरं मेट्रोचं बघा, कोची मेट्रोने 2020 मध्ये सायकल आत घ्यायला सुरुवात केली, नागपूरच्या मेट्रोतही सायकल नेता येते. आपल्याच देशात, आपल्याच लोकांसोबत चाललंय ते.

काणकोणच्या माणसाला याची गरज जास्त का आहे तेही सांगते. मडगावला सायकलने जायचं तर मध्ये करमल घाट, वळणांवर वळणं, बाजूने ट्रक आणि पर्यटकांच्या गाड्या, तिथे सोळा वर्षांच्या पोराला मी सायकल चालवू देणार नाही आणि कोणी देऊही नये. ट्रेन मात्र डोंगराखालून बार्सेच्या बोगद्यातून सरळ बाळ्ळीला निघते. घाटाचा तेवढा तुकडा ट्रेनने आणि पुढचं सायकलने, इतकं सोपं आहे. शिवाय आपली स्टेशनं गावापासून लांब. करमळीला उतरलं की पणजी अकरा-बारा किलोमीटर, थिवीला उतरलं की म्हापसा दहाएक किलोमीटर. पुढे पायलट, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाला, मिळाला तर मिळाला, टॅक्सी घेतली तर ट्रेनच्या तिकिटाच्या कितीतरी पट पैसे. कॉलेजच्या मुलांना, शिफ्टवर जाणाऱ्यांना हे रोज परवडत नाही, म्हणून मग दुचाकी घेतात कर्ज काढून आणि हायवेवरच्या अपघातांच्या बातम्या आपण रोज वाचतो.

माझी मागणी लहान आहे. कारवारकडून पेडण्याच्या दिशेने जाणाऱ्या पॅसेंजरच्या आणि वास्को-कुळें गाडीच्या शेवटच्या डब्यात एका बाजूच्या सीट काढून किंवा दुमडत्या करून चार सायकलींची जागा करावी. दारावर सायकलचं चित्र रंगवावं. वीस-तीस रुपयांचं तिकीट खिडकीवरच मिळावं. सुरुवातीला फक्त रविवारी आणि सुटीच्या दिवशी करून बघा, कारण बाकी दिवशी सकाळच्या गाडीत पाट्या घेऊन मासळीवाल्या असतात, कॉलेजची पोरं असतात, त्यांची जागा घेऊन मला सायकल न्यायची नाही. अडचणी आहेत, मी नाकारत नाही. काही डब्यांच्या दारात मधोमध दांडा असतो, त्यात हँडल अडकणार. काही ठिकाणी प्लॅटफॉर्म खाली आणि डबा उंच, सायकल उचलून चढवावी लागेल, ज्याला उचलता येत नाही त्याचं काय हे बघावं लागेल. उट्रेख्टलाही जुन्या गाड्यांना पायऱ्या होत्याच, मागचा माणूस न सांगता मागचं चाक धरायचा आणि आपण पुढचं ओढायचं. आपल्याकडे तर पाटी डोक्यावर चढवायला चारजण धावतात, सायकलला का नाही धावणार?

रेल्वेच्या कोणी अधिकाऱ्यांनी हे पत्र वाचलं आणि त्यांना शंका असेल तर कुठल्याही रविवारी मी माझी सायकल आणि टेप घेऊन काणकोण स्टेशनावर यायला तयार आहे. माझ्या सायकलचं हँडल सदुसष्ट सेंटिमीटर रुंद आहे, घरी मोजून ठेवलंय, दार तेवढं आपण दोघांनी मिळून मोजू.

आपली,
एक नियमित वाचक,
चावडी, काणकोण