जानेवारीचं मिक्स, क्रमाने

लातूर

लेकरा,

अनेक आशीर्वाद. जानेवारीचं मिक्स, म्हणजे या महिन्यासाठी निवडलेली इंडी रॉकची (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या बँडांच्या रॉकची) गाणी, काल रात्री पाठवलं. परीक्षा चालू असेल तर आत्ता उघडू नकोस, संपल्यावर ऐक. पण ऐकशील तेव्हा शफल, म्हणजे गाणी कुठल्याही क्रमाने वाजवणं, बंद कर. मागच्या आठवड्यात तू फोनवर म्हणालास, "आई, डिसेंबरचं मस्त होतं, जिममध्ये शफलवर लावतो." ऐकून बरं वाटलं. गाणी तुला दिली म्हणजे तुझी झाली, पुढे कशीही वाजव. पहिल्या खेपेला मात्र मी लावलीत तशीच ऐकायची. 45 मिनिटांचा प्रश्न आहे, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसलेय.

45 मिनिटंच का, हे तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. पुण्यात एम.एस्सी. करताना होस्टेलवर माझी रूममेट शिलाँगची होती. सगळा देश शिलाँगला रॉकचं गाव म्हणतो. तिच्याकडे बघून ते पटायचं. तिच्याकडे डबल डेकचा टेपरेकॉर्डर होता आणि दर महिन्याला ती आपल्या आवडीची एक कॅसेट भरायची. सी-90 कॅसेटच्या एका बाजूला 45 मिनिटं मावतात. ती वहीच्या कागदावर प्रत्येक गाण्याची मिनिटं आणि सेकंद लिहून बेरीज करायची, कारण बाजू संपली की गाणं मधेच तुटतं. मग एका डेकवर प्ले, दुसऱ्यावर रेकॉर्ड, आणि अंगठा पॉजच्या बटणावर. दोन गाण्यांच्या मधे किती शांतता सोडायची ते त्या अंगठ्यावर ठरायचं. सगळं मनासारखं झालं की कॅसेटच्या वरच्या कडेचा तो छोटा प्लॅस्टिकचा तुकडा रिफिलच्या टोकाने मोडून टाकायची, म्हणजे त्यावर चुकूनही दुसरं काही भरलं जाऊ नये. मी लातूरहून गेलेली, रेडिओवर नाट्यगीतं आणि हिंदी गाणी ऐकून वाढलेली. मला तिने एका शब्दानेही काही समजावलं नाही. कॅसेट हातात ठेवायची आणि म्हणायची, आधी पूर्ण ऐक, मग बोलू.

आपल्या घराला क्रमाचं महत्त्व सांगावं लागू नये खरं तर. आजीच्या भजनी मंडळात आधी 'जय जय रामकृष्ण हरी', मग रूपाचा अभंग, गौळण बरीच पुढे, आणि शेवट भैरवीत. नवीन आलेल्या एखादीने सुरुवातीलाच गौळण धरली तर पेटीवरच्या काकूंचा हात जागच्या जागी थांबतो. गौळण वाईट असते म्हणून नव्हे, अजून मन तिथवर आलेलं नसतं म्हणून. मी मिक्स करताना हेच बघते. सगळ्यात आवडतं गाणं पहिलं कधीच ठेवत नाही.

पहिलं आहे आर.ई.एम. या अमेरिकन बँडचं 'रेडिओ फ्री युरोप'. 1981 साली एका छोट्या लेबलवर सिंगल म्हणून आलं आणि 1983च्या 'मर्मर' अल्बमसाठी त्यांनी ते परत रेकॉर्ड केलं. मी दिलंय ते अल्बममधलं. त्यांचा गायक मायकल स्टाइप काय गातो ते ज्यांची मायबोली इंग्रजी त्यांनाही धड लागत नाही. मला होस्टेलवर याचाच केवढा आधार वाटला होता! वर्गात इंग्रजी कानावर पडलं की मी आधी मनात मराठी करायची, मग उत्तर. इथे अर्थ लावायची घाईच नव्हती, आवाजाबरोबर जायचं फक्त. तूही शब्द शोधायला नेटवर जाऊ नकोस. बेस गिटार कुठे कुठे स्वतःची वेगळी चाल गाते, तिच्यामागे जा.

दुसरं पेव्हमेंट या बँडचं 'समर बेब'. कॅलिफोर्निया म्हटलं की आपल्याला समुद्र दिसतो, पण हे स्टॉक्टनचे, आतल्या शेतीच्या पट्ट्यातल्या शहरातले. 1992चा त्यांचा पहिला अल्बम ड्रमरच्या घरच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालाय. आवाज थोडा भरडा आहे, तो तसाच हवा.

आता तिसऱ्याकडे येते. दिवाळीत तू गच्चीवर गिटार घेऊन बसला होतास. चाल फार छान होती, शब्द इंग्रजी होते, कुठल्यातरी हायवेवरच्या पावसाचे. मी म्हटलं, इथलं काही घाल की यात. तू म्हणालास, "लातूरवर कोण गाणं लिहिणार, आई?" तेव्हा मी काही बोलले नाही, कारण बोलून ते पटलं नसतं. या महिन्यात त्याचं उत्तर तिसऱ्या नंबरवर ठेवलंय.

गो-बिट्वीन्स हा ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा बँड. गाणं 'कॅटल अँड केन', म्हणजे गुरं आणि ऊस, 1983चं. ग्रँट मॅक्लेननने ते लंडनमध्ये असताना लिहिलं, निक केव्ह या गायकाच्या घरी, त्याचीच गिटार घेऊन. आणि एवढ्या मोठ्या शहरात बसून त्याला आठवलं काय, तर क्वीन्सलँडमधला उसाचा फड, त्यातून घरी येणारा शाळकरी पोरगा, आणि पत्र्याचं-लाकडाचं घर. वडील तो लहान असतानाच गेले होते. त्यांच्या घड्याळाचाही उल्लेख येतो, आणि तिथे आवाज जराही चढवत नाही तो. ठेका चार-चारचा सरळ नाही. टाळी द्यायला गेलास तर चुकशील, आणि चुकत चुकतच तो अंगात बसतो. बांधावरून चालताना पाऊल जसं एकसारखं पडत नाही, तसा. शेवटी रॉबर्ट फॉर्स्टर, बँडमधला दुसरा गाणारा, एक कडवं जवळजवळ बोलल्यासारखं म्हणतो. मी हे ऐकते तेव्हा मला तुझं आजोळ दिसतं. मांजरा नदीच्या काठचा ऊस, कारखाना सुरू झाला की रात्री जाणाऱ्या बैलगाड्या, आणि पत्र्यावर तापलेली दुपार. त्या माणसाने लातूर ऐकलंही नसेल. पण त्याने स्वतःचं गाव इतकं नीट सांगितलं की माझं त्यात आपोआप आलं.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगताना मला भरून येतं. हे गाणं आईला आवडावं म्हणून लिहिलं, असं तो सांगायचा. आई गुरांच्या मळ्यावर राहायची, तिथे रेकॉर्ड वाजवता येईल अशी वीजच नव्हती. म्हणून त्याने ते तिला फोनवर गाऊन दाखवलं. मॅक्लेनन 2006 मध्ये गेला, जेमतेम 48 वर्षांचा. हे गाणं दोनदा ऐक, मधे थांबून परत लावलंस तरी चालेल. क्रम मोडायची परवानगी फक्त इथे आहे.

चौथ्या-पाचव्याला मी मुद्दाम हलकं केलंय. 'ऑटम स्वेटर' यो ला टेंगो या बँडचं, 1997च्या अल्बममधलं. ऑर्गन आणि ड्रम यांच्यावरच चालतं ते. आयरा कॅप्लन आणि जॉर्जिया हबली हे नवरा-बायको वर्षानुवर्षं एकत्र वाजवतात, आणि एकमेकांना जागा देणं ऐकूसुद्धा येतं. मग द लोकल ट्रेनचं 'छू लो', ते तुझ्याच पिढीचं, त्यावर मी काय सांगू! बाबांना ते पाठ झालंय. येळवशीला (वेळ अमावास्येला) शेतात जाताना गाडीत तेच लावत होते, आणि आंबिलीचं मडकं मांडीवर धरून आजी ठेका देत होती. तू नव्हतास. भज्जी आणि उंडे तुझ्या वाटचे काढून ठेवल्यासारखे सगळ्यांनी थोडे कमीच खाल्ले.

मधली तीन गाणी मी लॅबमध्ये पारखून घेतलीत. तुला माहितीये, मिलमध्ये सोयाबीनचा सँपल आला की तेलाचं प्रमाण बघायला सॉक्सलेट, म्हणजे तेल काढायचं काचेचं उपकरण, लावावं लागतं. खाली हेक्झेन (तेल विरघळवणारा द्रव) उकळतं, वाफ वर जाते, कंडेन्सरमधून थंड होऊन थेंब थेंब भरडीवर पडते. नळी भरत भरत काठाला आली की सगळं एकदम सायफन होऊन खाली उतरतं, आणि परत पहिल्यापासून भरायला लागतं. तासन् तास हेच. एका कानात गाणं, दुसरा कान हीटरकडे. तेवढ्या वेळात एकच गाणं पुन्हा पुन्हा लावते. जे तिसऱ्या-चौथ्या खेपेला फिकं पडतं ते काढून टाकते. या वेळी बॉन इव्हरचं 'स्किनी लव्ह' दिवसभर टिकलं. विस्कॉन्सिनमध्ये वडिलांच्या शिकारीच्या लाकडी घरात एका हिवाळ्यात एकट्याने राहून जस्टिन व्हर्ननने, तोच बॉन इव्हर, हे गाणं असलेला अल्बम केला आणि 2007 मध्ये आधी स्वतःच काढला. आजी एकदा डबा द्यायला आली तेव्हा हेच चालू होतं. "काय ऐकलालीस गं एवढं?" म्हणाली. मी इअरफोन तिच्या कानात घातला. डोळे मिटून तिने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, लेकराला कुणाची तरी आठवण येलालीय. इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नाही.

शेवटचं गाणं इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचं 'चांद' आहे. कुणी म्हणेल हे इंडी रॉक नव्हे. माझ्या मिक्समध्ये आहे. 2010 साली त्यांनी '16/330 खजूर रोड' हा अल्बम असा काढला, की दर महिन्याला एक गाणं, आणि तेही फुकट उतरवून घ्यायला. करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात ते सराव करायचे त्याचा हा पत्ता. तबला वाजवत गाणारे असीम चक्रवर्ती डिसेंबर 2009 मध्येच गेले होते. लोकांपर्यंत गाणी पोचली तेव्हा ते नव्हते. तू तेव्हा एवढासा होतास. डोंगल खिडकीच्या गजाला लटकवला की रेंज यायची, आणि गाणं उतरेपर्यंत तू माझ्या मांडीवर झोपून जायचास. महिनाभर एकाच गाण्याबरोबर राहायचं, मग पुढचं. दर महिन्याला मिक्स पाठवायची माझी सवय तिथून परत सुरू झाली, आधी मैत्रिणींना, आता तुला.

ॲप तुला रोज नवी यादी काढून देतं, तीही ऐक, त्यातही चांगलं सापडतं. पण गच्चीवर तू काय म्हणालास ते त्याला माहीत नाही.

आता फेब्रुवारीचं तू करायचं. 45 मिनिटं, त्याच्या पुढे नाही. मला आवडेल का हा विचार करून निवडू नकोस, तू सध्या खरोखर जे ऐकतोस तेच घाल, कितीही कर्कश असलं तरी. होस्टेलवरच्या मित्रांची तेलुगू गाणी असली तर तीही चालतील. पहिलं कोणतं आणि शेवटचं कोणतं हे ठरायला वेळ लागतो, तेव्हा महिनाअखेर धरू नको, आठ-दहा दिवस आधीच लाग. आलं की मी लॅबमध्ये सॉक्सलेट लावून शांतपणे ऐकेन आणि सविस्तर लिहीन.

आणि दिवाळीतल्या त्या चालीचं पुढे काय झालं ते कळव. शब्द निम्मेच झाले असले तरी रविवारी फोनवर म्हणून दाखव. नऊनंतर कर, म्हणजे आजीही जागी असते आणि बाबा दुकानातून आलेले असतात.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई

ता. क. फोनमध्ये क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता त्यावर दुसरं चढवणं, चालू असेल तर तोही बंद कर. तिसऱ्या गाण्यानंतरची शांतता मला तशीच हवी आहे.