फॉरमॅट करण्याआधी तपासलं काय, ते लिहून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझा कॉम्प्युटर २०१० सालचा. गेल्या महिन्यात तो चालू होईना. पंखा फिरायचा, एक बीप यायची, विंडोजचं चिन्ह उमटायचं, क्षणभर निळा पडदा चमकून जायचा आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. दुरुस्तीला दिला, तर पाच मिनिटांत निदान झालं: "मदरबोर्ड गेलाय. फॉरमॅट मारून बघतो, नाहीतर नवीन घ्या."

मी आयुष्यभर हिशेबनीस म्हणून काम केलं. हे ऐकून पहिला प्रश्न हाच पडला की बोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारं मुख्य सर्किट, गेला असेल तर फॉरमॅटने, म्हणजे डिस्क पुसून, काय होणार? आणि फॉरमॅटने चालू होणार असेल तर बोर्ड गेला कसा? त्या हार्डडिस्कवर माझ्या आईचा आवाज आहे. तिच्या शेवटच्या वर्षात मी रेकॉर्ड केलेल्या अकरा फाइल्स. त्यांची दुसरी प्रत मी केली नव्हती, ही चूक माझीच. पण फॉरमॅटच्या आधी "आत काही महत्त्वाचं आहे का?" एवढंही मला कुणी विचारलं नाही. मी मशीन तसंच परत आणलं.

ताळेबंद जुळला नाही म्हणून कुणी वही फाडत नाही, कुठली नोंद चुकली ते शोधतो. तसंच बसून शोधलं. वायर काढून ठेवली, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून उरलेली वीज जाऊ दिली आणि डबा उघडला. रॅमची (तात्पुरत्या मेमरीची) पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसले, खट् आवाज येईपर्यंत परत बसवली. फरक शून्य. (पॉवर सप्लायची बंद पेटी मात्र घरी कुणीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांमध्ये, वीज साठून राहते.)

मग बायोसच्या (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, बोर्डातल्याच प्रोग्रामच्या) सेटअपमध्ये गेले, तर तारीख १ जानेवारी २००९! तेव्हा आठवलं, आधीचे काही आठवडे घड्याळ मागे पडत होतं आणि बँकेचं संकेतस्थळ 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून उघडत नव्हतं. तारीख चुकली की संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही. मदरबोर्डवर नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो, सीआर २०३२. मशीन बंद असताना घड्याळ आणि जुन्या बोर्डांवर बायोसची सेटिंगही त्याच्यावर टिकते. तो मेला होता.

सेल बदलला, तारीख टाकली, तरी चालू होईना. त्या रात्री मी खरंच खचले. दुसऱ्या दिवशी सेटअपचं एकेक पान वाचत गेले, तेव्हा उलगडलं. सेल संपल्यामुळे सगळी सेटिंग कारखान्यातून आली तशी झाली होती आणि हार्डडिस्कशी बोलण्याची पद्धत 'एएचसीआय'वरून 'आयडीई'वर गेली होती. विंडोज बसवलेली एका पद्धतीवर, बोर्ड बोलतोय दुसऱ्या पद्धतीने. म्हणून विंडोज स्वतःचीच डिस्क ओळखेना. ते एक सेटिंग परत 'एएचसीआय' केलं, एफ १० दाबून जतन केलं आणि मशीन सरळ चालू झालं. सर्वांत आधी त्या अकरा फाइल्स दोन ठिकाणी उतरवल्या. मग एक लावून ऐकली.

प्रत्येक जुनं मशीन असं उठेलच, असं मी म्हणत नाही. कपॅसिटर फुगलेले असतील तर बोर्ड खरोखर गेलेला असू शकतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करून बघणं म्हणजे उरलासुरला डेटा घालवणं. पण मशीन मेलं तरी डिस्क धडधाकट असू शकते. ती काढून यूएसबीच्या डबीत घातली की दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल्स वाचता येतात.

दुरुस्ती करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बीप किती आल्या, सेलचा व्होल्टेज किती, रॅम आणि पॉवर सप्लाय बदलून पाहिले का, डिस्क सेटअपमध्ये दिसते का, हे पावतीवर लिहून द्या. फॉरमॅटसाठी मालकाची सही घ्या आणि नवं मशीन दिलं तरी जुनी डिस्क त्याच्या हातात परत द्या. आपल्या पुरवणीत या तपासण्या चित्रांसह छापल्यात तर घरोघरी पडून असलेल्या डब्यांमधलं बरंच काही वाचेल.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस