मागची चाकं

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू साधंच विचारलंस, "बाबा, दोन्हीतली कुठली घेऊ?" आणि मी "एकही नको" म्हणून फोन ठेवून दिला. नंतर तू दोनदा केलास, तोही उचलला नाही. चुकलं माझं. पोर स्वतःच्या कमाईची गाडी घ्यायला निघाली आहे आणि ज्याचं आयुष्य गाड्यांखाली पडून गेलं त्या बापाला आधी विचारते आहे, तर त्याने फोन आपटावा? आई दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. तिचं बरोबर आहे.

तुझा तक्ता मी छापून घेतला आणि दोन रात्री घेऊन बसलो. फार चांगला केला आहेस. डावीकडे २०२० साली आलेली पोर्शे ९११ टर्बो एस, उजवीकडे २०२३ ची मर्सिडीज-एएमजी जीटी ६३. ताकद ६५० आणि ५८५ अश्वशक्ती. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, दोन्हींचा अगदी सारखा, ८०० न्यूटन-मीटर. शून्य ते शंभर २.७ सेकंद आणि ३.२. कमाल वेग ताशी ३३० आणि ३१५ किलोमीटर. मी थांबलो तो वजनाच्या ओळीवर. टर्बो एस साधारण १,६४० किलो, जीटी तिच्याहून अडीचशे किलोने जड. म्हणजे तीन धडधाकट माणसं कायमची गाडीत बसलेली. पळताना ती जाणवणार नाहीत, एवढा टॉर्क त्यांना सहज ओढून नेईल. वळताना आणि थांबताना जाणवतील. ही ओळ तू सगळ्यात खाली लिहिली आहेस, ती सगळ्यात वर हवी होती.

आणि २.७ न् ३.२ भोवती तू लाल गोल काढला आहेस. अर्ध्या सेकंदाचा फरक. मनू, ताशी १०० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. पाय ब्रेकवर न्यायला अर्धा सेकंद उशीर झाला की १४ मीटर गेले, ब्रेक लागण्याआधीच. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायला अंतर चौपट लागतं. हे मला तूच अकरावीत वहीवर गणित मांडून दाखवलं होतंस. मला हाताला माहीत होतं, कागदावर पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी मी गॅरेजमधल्या सगळ्या पोरांना ती वही दाखवली होती, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

हे बघ, झालं सुरू माझं. वेगाविषयी एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. गाड्यांचं बोलतो.

जीटीचं इंजिन मला मनापासून आवडलं. चार लिटरचं व्ही-८, इंजिनात हवा कोंबणारे दोन टर्बो, आणि पहिल्या नटापासून शेवटच्यापर्यंत एकाच कारागिराने जोडलेलं. त्याच्या सहीची पट्टी इंजिनावर असते. बॉनेट उघडलं की समोर माणसाचं नाव. आपण केलेल्या कामाखाली नाव घालायची हिंमत असणं ही मोठी गोष्ट आहे. शिवाय त्या गाडीला नेहमीचे अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडी कलू न देणारे दांडे, नाहीत, चारही शॉकअब्सॉर्बर तेलाच्या नळ्यांनी एकमेकांशी जोडलेले आहेत आणि गाडीचं कलणं ते आवरतात. हे वाचून मला झोप लागली नाही, उठून कागदावर आकृती काढत बसलो. आईने दिवा बंद करायला लावला.

टर्बो एसचं मागचं झाकण उघडलंस तरी इंजिन दिसतच नाही, हे तू पाहिलंच असशील. मला आधी राग आला. जे दिसत नाही त्याचा आवाज ऐकून दुखणं कसं ओळखायचं? पण ते इंजिन आहे कुठे, ते नीट लक्षात घे. १९६३ पासून पोर्शेने ते मागच्या आसाच्याही मागे ठेवलं आहे. गाडीचं बरंच वजन मागच्या चाकांवर. सुटताना त्याचा फायदा, चाकं जमीन सोडत नाहीत. पण वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढलास की भार पुढे पडतो, मागची चाकं हलकी होतात आणि मागचं सगळं जड ओझं बाहेर निघायला बघतं. १९७५ ची पहिली ९११ टर्बो त्यासाठीच बदनाम होती. ३ लिटर, २६० अश्वशक्ती, टर्बो एकच, आणि तो जागा व्हायला वेळ घ्यायचा. चालवणारा वळणात पाय दाबायचा, काहीच व्हायचं नाही. म्हणून अजून दाबायचा, आणि मग सगळी ताकद एकदम अंगावर. घाबरून पाय वर, आणि गाडी फिरली.

तुझ्या तक्त्यातली टर्बो एस तशी नाही. टर्बो दोन आहेत आणि त्यांची पाती इंजिनाच्या वेगाप्रमाणे कोन बदलतात, ताकद चारही चाकांना जाते, मागची चाकंही थोडी वळतात, गाडी घसरायला लागली की संगणक सावरतो. सगळं मान्य. तरी वळणात पाय उचलू नकोस. वेग वळणाच्या आधी कमी कर, वळणात पाय स्थिर ठेव. आणि चारही चाकांना ताकद आहे म्हणून निर्धास्त होऊ नकोस. ती ताकद निघायला उपयोगी. थांबायला तर साध्यातल्या साध्या गाडीलाही चारच चाकं असतात. टर्बो एसला सिरॅमिक ब्रेक कंपनीतूनच येतात, उत्तमच आहेत. पण ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो तो टायर. तळहाताएवढी जागा रस्त्याला टेकलेली असते. तेवढीच.

सात वर्षांची होतीस तेव्हा मी गाडीखालून नुसता हात बाहेर काढायचो आणि न विचारता तू बारा-तेराचा पाना त्यात ठेवायचीस. कधी चुकली नाहीस. दादाला मी दहा वेळा सांगूनही तो चौदा-पंधराचा द्यायचा. तुझ्या फ्रॉकला ग्रीस लागलं म्हणून आई माझ्यावर चिडायची, आणि तू म्हणायचीस, "मीच लावून घेतलं." तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात तू तारीख टाकली आहेस, मी जॉबकार्डवर टाकायचो तशी, खाली रेघ मारून. ते पाहून मला पुढचं वाचता येईना.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. परवा फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "तिला सांगून टाका." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने हा विषय काढला.

तू चार वर्षांची असताना आपली गाडी पावसात गोल फिरली होती. तुला ती गंमत म्हणून आठवते. "बाबांनी गाडीचं चक्र केलं" असं तू शाळेत सांगायचीस आणि आम्ही दोघं गप्प बसायचो. ती गंमत नव्हती मनू. आदल्या रविवारी मी दोन नवे टायर घातले होते. चार घेण्याइतके पैसे नव्हते. ओढणारी चाकं पुढची, म्हणून नवे पुढे घातले आणि गुळगुळीत झालेले मागे ठेवले. मी, ज्याच्याकडे लोक विश्वासाने गाड्या टाकून जायचे, त्याने. पुढची पकड इतकी छान लागत होती की मी नेहमीपेक्षा जोरात वळणात शिरलो. मधोमध पाणी साचलेलं दिसलं आणि मी पाय उचलला. एवढंच केलं. मागची बाजू सुटली ती दीड वेढा घेऊन थांबली. आलो त्या दिशेला तोंड. इंजिन बंद, वायपर चालू. आईचा हात मागे, तुझ्या छातीवर. समोरून त्या वेळी काही येत नव्हतं, दुसरं कारण नाही आपण वाचायला. आणि मागच्या सीटवरून तुझा आवाज, "बाबा, परत फिरव ना."

त्यानंतर गॅरेजात दोनच टायर बदलायला आलेल्या प्रत्येक गाडीचे नवे टायर मी मागेच घातले. गिऱ्हाईक हुज्जत घालायचं, गाडी पुढून ओढते म्हणून. मी कारण कधीच सांगितलं नाही, मागेच घातले.

म्हणून फोन आपटला. तू म्हणालीस, "बाबा, २०० ला गेली तरी आत कळतसुद्धा नाही." मला परत तो वायपरचा आवाज ऐकू आला.

मी तुला जीटी घे म्हणणार होतो. तिची दोन-चार कारणंही लिहून काढली होती: मोठी डिकी, सहीचं इंजिन, आवाज. सकाळी वाचली तर खरं कारण एकच निघालं, ती अर्धा सेकंद हळू आहे. हा सल्ला नव्हे, ही माझी भीती आहे, आणि ती तुझ्या तक्त्यात घुसवायचा मला हक्क नाही. गाडी म्हणून विचारशील तर टर्बो एस घे. हलकी आहे, ब्रेक चांगले आहेत, आणि तुझ्यासारख्या हाताला तीच शोभेल. दोन्ही चालवून पाहिल्यावर स्टिअरिंगबद्दल तू जे चार ओळी लिहिलंस, तसं माझ्या हाताखाली तयार झालेल्या एकालाही लिहिता आलं नसतं.

तिच्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. पुढच्या चाकांच्या कमानीत आवाज टिपणारे सेन्सर आहेत. चाकांनी उडवलेलं पाणी आतून आपटतं ते हे सेन्सर ऐकतात आणि रस्ता ओला आहे असं चालवणाऱ्याला कळवतात. मला कुणी असं कळवलं असतं तर. पण ती गाडी फक्त कळवते, ओल्या रस्त्यासाठीचा वेट मोड लावायचा तो तुलाच. तो लाव. लाज वाटून घेऊ नकोस, शेजारी कुणीही बसलेलं असो. आणि वळणात पाय—

नाही लिहीत. तीनदा लिहून झालं असेल.

आणखी एक पाहिलं. तिची पुढची चाकं २० इंची, मागची २१ इंची. टायर पुढे २५५ रुंदीचे, मागे ३१५ चे. म्हणजे पुढचे मागे आणि मागचे पुढे घालताच येत नाहीत. मागच्या चाकांसाठी घेतलेले नवे टायर पुढे घालायची चूक त्या गाडीत कुणाला करायची म्हटली तरी करता येणार नाही. हे कळलं तेव्हा मी आईला झोपेतून उठवून सांगितलं.

या रविवारी फोन कर. पहिल्या रिंगला उचलतो.

तुझे,
बाबा

ता.क. गाडी वापरलेली घेते आहेस, तर मागच्या दोन्ही टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतील ते वाच. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३२१ असेल तर २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी जुना टायर कडक झालेला असतो. इंजिन मागे असल्याने मागचे आधी झिजतात, म्हणून आतल्या कडेलाही हात फिरवून बघ, नुसतं बाहेरून बघू नकोस. आकड्यांचे फोटो मला पाठव, दोन्ही बाजूंचे.